अमेरिकेच्या अध्यक्षांस गेलेलीं दोन पत्रें : व्यक्तिवाद, स्वयंनिर्णय व निजामी मराठवाडा

इ. स. १९१९ च्या जानेवारी महिन्यांत लोकमान्य टिळकांनीं लंडनहून अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांस एक पत्र पाठविलें. इ. स. १९४८ मध्यें हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांस दुसरें एक पत्र पाठविलें. पहिल्या पत्राचा विषय हिंदुस्थानास स्वयंनिर्णयाचा हक्क मिळावा हा होता. दुसऱ्याचा विषय, हिंदुस्थान सरकार व हैदराबाद संस्थान यांच्या तंट्यांत अध्यक्षांनीं मध्यस्थी करावी हा होता. दोन्ही पत्रें एकाच दारीं गेलीं आणि दोहोंच्या पदरीं तेथें कांहीं पडलें नाहीं. टिळकांस अध्यक्षांच्या चिटणिसाकडून, हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा विचार योग्य वेळीं योग्य अधिकारी करतील, अशा अर्थाचें सौजन्ययुक्त उत्तर मिळालें. निजामांची मध्यस्थीची विनंती अमेरिकी सरकारनें पत्करली नाहीं.

हीं दोन पत्रें एका धाग्यांत ओवण्याचें कारण असें कीं, दोहोंच्या मागें अपेक्षा एकच होती. ज्या राष्ट्रानें आपल्या राज्याचा पाया व्यक्तीच्या हक्कावर घातल्याचें जगास सांगितलें, व परराष्ट्रव्यवहारांतही तेंच तत्त्व आपला दिवा आहे असें वारंवार म्हटलें, तें राष्ट्र आपली बाजू ऐकून घेईल ही ती अपेक्षा. परंतु स्वयंनिर्णय या शब्दांतील ‘स्व’ कोण, या प्रश्नाचीं दोहोंचीं उत्तरें एकमेकांच्या अगदीं उलट होतीं. टिळकांच्या पत्रांतील ‘स्व’ म्हणजे पारतंत्र्यांत असलेली प्रजा. निजामांच्या पत्रांतील ‘स्व’ म्हणजे तख्तावर बसलेला एक पुरुष. एकाच तत्त्वाच्या आधारानें इतक्या विरुद्ध मागण्या कशा करतां आल्या, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आमच्या मतें हा घोटाळा अर्जदारांनीं निर्माण केलेला नव्हता. तो मूळच्या अमेरिकी तत्त्वाच्याच पोटांत होता, आणि त्याची किंमत मराठवाड्यांतील साध्या माणसांस द्यावी लागली.

जुनीं दप्तरें व पोथ्या यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. तो तसा नाहीं, हें पुढें दप्तरांच्याच साक्षीनें दाखवितां येईल.

प्रथम अमेरिकेकडे वळूं. ‘व्यक्तिवाद’ हा ज्याचा मराठी प्रतिशब्द, तो शब्द अमेरिकेंत जन्मलेला नाहीं. तो फ्रेंच भाषेंतला. द तोकव्हिल या फ्रेंच ग्रंथकारानें अमेरिकेंतील लोकशाहीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १८४० सालच्या उत्तरार्धांत तो येतो. आणि हेन्री रीव्ह यानें त्याच सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर करतांना, या अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द नाहीं, सबब फ्रेंच शब्दच ठेवतों, अशी टीप दिली. गंमत अशी कीं, तोकव्हिलनें तो शब्द गुण म्हणून वापरलाच नव्हता. समाजापासून अंग काढून घेऊन मनुष्य आपल्या आप्तमित्रांच्या लहानशा वर्तुळांत बसतो, त्या दोषास त्यानें हें नांव दिलें होतें. त्याच शब्दास पुढें अमेरिकेंत भूषणाची पदवी मिळाली. १९२२ सालीं हर्बर्ट हूव्हर यानें ‘अमेरिकी व्यक्तिवाद’ या नांवाचें छोटें पुस्तकच लिहिलें, व १९२८ च्या निवडणुकींत त्यानें रांगड्या, कणखर व्यक्तिवादाचा जो पुकारा केला तो त्या देशाच्या राजकारणांत कायमचा रूढ झाला. एखादा अपशब्द शंभर वर्षांत बिरुद होतो, हें आडनांवांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकास नवल वाटूं नये.

शब्द नंतरचा, पण वस्तु जुनी. १७७६ च्या जाहीरनाम्यांत राज्यसत्तेचा न्याय्य अधिकार शासितांच्या संमतींतून निघतो असें म्हटलें आहे, आणि १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें भाषण, मुद्रण, धर्म व शांतपणें सभा भरविणें यांस सरकारी हस्तक्षेपापासून संरक्षण दिलें. हा व्यक्तिवादाचा घरांतला अर्थ. पण त्याच पिढीनें दुसराही एक अर्थ बरोबर आणला. स्विस कायदेपंडित व्हॅटेल याच्या १७५८ सालच्या राष्ट्रांच्या कायद्यावरील ग्रंथांत राष्ट्र हीच एक स्वतंत्र व्यक्ति कल्पिली आहे: जसा निसर्गावस्थेंतला मनुष्य, तसें राष्ट्र, लहान असो वा मोठें, कोणाच्या आज्ञेंत नाहीं. या ग्रंथाच्या प्रती ड्युमास नांवाच्या मित्रानें हॉलंडांतून बेंजामिन फ्रँकलिन यास पाठविल्या, आणि १७७५ च्या डिसेंबरांत त्यानें आभार मानतांना, काँग्रेसचे सभासद ती प्रत सारखी हाताळीत आहेत असें कळविलें. ग्रंथांच्या प्रती कोणत्या वाटेनें व कोणत्या घडीस कोणाच्या हातीं पडतात याचा छंद असणाऱ्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १७९६ चा वॉशिंग्टनचा निरोपाचा उपदेश, परराष्ट्रांशीं कायमच्या मैत्रीच्या गुंतागुंतींत पडूं नये हा, आणि १८२३ चें मन्रो याचें धोरण, हीं दोन्ही याच दुसऱ्या अर्थाचीं अपत्यें होत. स्वतःच्या शेतावर एकटा राहणारा, शेजाऱ्याच्या भांडणांत न पडणारा व आपल्या कुंपणांत कोणास येऊं न देणारा वसाहतवाला जसा, तसें राष्ट्र!

या दोन अर्थांत घर्षण आहे, तें सहज दिसत नाहीं. राष्ट्राला व्यक्ति मानलें कीं त्या राष्ट्राच्या आंत व्यक्तीचें काय होतें हें विचारण्याचा बाहेरच्यास अधिकार उरत नाहीं. खुद्द अमेरिकेंतच याचा दाखला आहे. १७८७ च्या घटनेंत प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांची मोजणी तीन-पंचमांश या हिशेबानें करावयाची असें ठरलें. म्हणजे पांच माणसें मोजावयाचीं आणि तीन लिहावयाचीं, व मत त्या पांचांतील एकासही नाहीं. पुढें दक्षिणेकडील घटक राज्यांनीं गुलामगिरीचा बचाव केला तो राज्यांच्या स्वातंत्र्याच्या नांवानेंच. तो प्रश्न तोंडी वादानें सुटला नाहीं. युद्ध करून १८६५ सालीं सुटला.

आतां आपल्या दप्तरांकडे येऊं. ‘व्यक्ति’ हा संस्कृत शब्द आपल्या नैयायिकांस चांगला परिचित. तेथें तो ‘जाति’ या शब्दाच्या समोर उभा असतो. गोत्व ही जाति, ही समोरची गाय ती व्यक्ति. परंतु न्यायशास्त्रांतल्या या व्यक्तीचा आपल्या कागदपत्रांतल्या माणसाशीं संबंध आला नाहीं. मराठी दप्तरांत एकेकट्या माणसास ‘असामी’ वा ‘इसम’ म्हणतात. दोन्ही शब्द अरबी. इसम म्हणजे नांव, व असामी हें त्याचेंच अनेकवचन. म्हणजे आमचा एकटा मनुष्य म्हणजे मूळ यादींतलीं नांवें! तो दिसतो तो सारा भरणारा, चाकरी करणारा, गुन्हेगारी देणारा म्हणून. हक्काची गोष्ट निघाली कीं तो लोपतो आणि त्याच्या जागीं ‘मोकदम व समस्त दहीजण’ येतात, गोत येतें, वतनदार येतात. मजहर पाहिला तर त्यावरील साक्षीच बोलक्या आहेत. कुणबी आपली निशाणी नांगर करतो, न्हावी आरसा काढतो, वाणी तराजू काढतो. अक्षर येत नव्हतें म्हणून निशाणी केली हें खरें. पण निशाणी माणसाची नव्हे, त्याच्या धंद्याची व जातीची आहे. दोन कुणब्यांच्या दोन नांगरांत भेद नाहीं. नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर आमच्या मजहरावर जाति सही करते, व्यक्ति करीत नाहीं.

या व्यवस्थेस सरसकट नांवें ठेवणें आमच्या मनांत नाहीं. गोतानें कित्येक दुबळ्यांचीं वतनें राखलीं आहेत, आणि पाटलाच्या वा देशमुखाच्या जुलमापुढें एकट्या माणसास जें बळ नव्हतें तें गोतसभेस होतें. पण ज्याला गोतांत स्थान नाहीं, वा असून तें पायरीच्या खालीं आहे, त्यानें कोठें जावें, याचें उत्तर त्या कागदांत मिळत नाहीं.

तें उत्तर ज्यानें मराठींत प्रथम जोरानें मागितलें, तो गृहस्थ पुण्यांत राहून अमेरिकेकडे पाहत होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं टॉमस पेन याचें मानवी हक्कांवरील पुस्तक वाचलें. पेन जन्मानें इंग्रज, पण १७७६ च्या आरंभीं निघालेल्या त्याच्या एका लहानशा चोपडीनें अमेरिकी वसाहतींचें मन राजापासून फिरविलें होतें. फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेंतील सद्गृहस्थांस, त्यांनीं निग्रो गुलामांस मुक्त केलें याबद्दलच्या आदराचें चिन्ह म्हणून, अर्पण केली. या अर्पणपत्रिकेकडे पुष्कळांचें लक्ष गेलें आहे. पण तिची एक बारीक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ती त्या देशाच्या लोकांस अर्पण केली आहे, त्याच्या सरकारास नव्हे. गुलामगिरीस आधी घटनेंत जागा देणारें राज्य आणि तिच्याविरुद्ध उठलेलीं माणसें, यांतला फरक फुल्यांस कळत होता असें आम्ही समजतों. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकांत हक्क मोजतांना ते कुळ, जात वा गांव यांवर थांबत नाहींत; प्रत्येक स्त्री व प्रत्येक पुरुष येथपर्यंत जातात. मराठी भाषेंत व्यक्ति अवतरली ती येथें, आणि ती आरंभापासून स्त्रीपुरुष अशी जोडीनें अवतरली हें विशेष. पुढें १८८८ मध्यें निघालेल्या ‘सुधारका’च्या द्वारें आगरकरांनीं मिल्ल व स्पेन्सर यांच्या आधारें तोच पक्ष सुशिक्षितांत मांडला; तो इतिहास सर्वश्रुत असल्यानें येथें विस्तारीत नाहीं.

टिळकांचें पत्र या दोघांच्या मार्गांतलें नव्हे. चिरोल साहेबावरील खटल्यासाठीं ते १९१८ च्या अखेरीस विलायतेस गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्लीच्या काँग्रेसनें पॅरिसच्या तहपरिषदेसाठीं त्यांची प्रतिनिधि म्हणून निवड केली. पण पॅरिसला जाण्याचा परवाना सरकारनें दिला नाहीं. तेव्हां त्यांनीं लेखणीनें काम केलें. विल्सन यानें १९१८ च्या जानेवारींत चौदा कलमें मांडलीं होतीं व पुढें स्वयंनिर्णयाचा उच्चार केला होता. त्याच शब्दास टिळकांनीं धरलें. त्यांच्या मागणींतला ‘स्व’ राष्ट्र हाच आहे. राष्ट्राच्या आंत कुणबी, अस्पृश्य, स्त्री यांचें काय, हा प्रश्न त्या पत्राचा नाहीं. पण तो ‘स्व’ अखेर लोकांचा आहे, राजाचा नाहीं, एवढें निश्चित.

तीस वर्षांनीं हाच शब्द गोदावरीच्या कांठीं कसा येऊन पोंचला हें समजण्यास तेथील स्थिति पाहिली पाहिजे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मराठी व तेलुगु यांच्या सांध्यावर धर्माबाद आहे. मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यांतून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं झाला; मुदखेडच्या पुढें उमरी, करखेली, धर्माबाद, आणि नदी ओलांडली कीं सरस्वतीचें क्षेत्र बासर. मिरची व कापूस यांची ही पेठ. बाजारांत मराठी, तेलुगु व उर्दू या तिन्ही भाषा चालत. परंतु कचेरींत एकच, उर्दू. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत फारसी जाऊन ती राज्यकारभाराची भाषा झाली, व १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही तींतच दिलें जाऊं लागलें. देशी भाषेंत विद्यापीठाचें शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता हें मान्य केलें पाहिजे. मात्र ती देशी भाषा धर्माबादच्या शेतकऱ्याच्या घरची नव्हती.

येथें संग्राहकांसाठीं एक सूचना करून ठेवतों. या प्रदेशांतील कागदांवर हैदराबादी फसली सन असतो. त्याचें वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरांत सुरू होतें. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांच्या कागदास ५९० व जानेवारी ते सप्टेंबरच्या कागदास ५९१ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. आमच्या पेशवाई कागदांतील मृगसालाशीं त्याची गल्लत करूं नये. पुढील हकीकतींतलें बहुतेक सर्व १३५७ फसलींत घडलें.

१९२० नंतरच्या दशकांत निजाम सरकारनें सभाबंदीचीं फर्मानें व गश्त्या काढल्या. त्यांतली ५३ क्रमांकाची गश्ती मराठवाड्यांतील वृद्धांच्या तोंडीं अगदीं अलीकडेपर्यंत होती. सभा भरवावयाची तर आधी परवानगी. खाजगी शाळा काढावयाची तरी आधी परवानगी. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा हा जणूं आरशांतला उलटा छाप. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली. १९३९ मध्यें सुधारणा जाहीर झाल्या त्यांतही, अरवमुदु अय्यंगार समितीच्या शिफारशीवरून, मतदारसंघ माणसांचे न ठेवतां हितसंबंधांचे ठेवले गेले: जहागीरदार, पट्टेदार, व्यापारी, कामकरी, वकील इत्यादि, शिवाय हिंदु व मुसलमान यांची समसमान वांटणी. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें संस्थानची लोकसंख्या १ कोटि ६३ लक्ष होती. इतक्या माणसांत ‘एक माणूस’ म्हणून कायद्याच्या दृष्टीस पडेल असा एकच होता. बाकीचे सर्व मजहरावरच्या नांगर-तराजूप्रमाणें आपापल्या वर्गाच्या निशाण्या होत्या.

तो एक माणूस १९४७ च्या जूनमध्यें बोलला. इंग्रजांची सार्वभौम सत्ता निघून जातांच आपण स्वतंत्र सार्वभौम होतों, अशा आशयाचें फर्मान निजामांनीं काढलें. या फर्मानाचा कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी आहे. त्यांत प्रजा स्वतंत्र होत नाहीं, ‘मी’ स्वतंत्र होतों. व्हॅटेलची राष्ट्ररूप व्यक्ति व तख्तावरची देहधारी व्यक्ति यांचें येथें पूर्ण ऐक्य झालें. त्याच महिन्यांत डॉ. भीमराव आंबेडकरांनीं संस्थानांच्या या दाव्याविरुद्ध एक निवेदन प्रसिद्ध केलें. हैदराबाद व त्रावणकोर यांनीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या भरंवशावर राहूं नये. प्रजेस जबाबदार राज्यपद्धति दिल्यावांचून बाहेरच्या हल्ल्यांत वा आंतल्या उठावांत तो संघ त्यांच्या मदतीस येणार नाहीं, असा त्यांतला इशारा होता. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत होते, जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. अमेरिकी तत्त्वांतले दोन अर्थ कोठें जोडले आहेत व कोठें उसवतात हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. निवेदनाचा रोख असा कीं, आधी आंतल्या व्यक्तीस हक्क द्या, मग बाहेर स्वतः व्यक्ति म्हणवून घ्या.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जैसे-थे करार झाला. १९४८ च्या जूनमध्यें जो अखेरचा मसुदा तयार झाला त्यांत सामिलीकरणाचा प्रश्न प्रौढ मतदानानें प्रजेपुढें ठेवण्याची तरतूद होती. त्यावर निजामांनीं सही केली नाहीं. डोकीं मोजण्याची वेळ आली तेव्हां ‘स्व’ कोण हें उघडें पडलें. मधल्या काळांत, लातुरास वकिली केलेल्या कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालीं रझाकारांनीं गांवोगांव जो धुमाकूळ घातला व उलट बाजूनें सरहद्दीवरील शिबिरांतून जो सशस्त्र लढा झाला, त्याची हकीकत मराठवाड्यास ठाऊक आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं धर्माबादच्या शेजारच्या उमरी येथील स्टेट बँक लढ्यासाठीं लुटली गेली. त्याच सायंकाळीं दिल्लीस गांधीजींची हत्या झाली.

ट्रूमन यांस गेलेलें पत्र याच काळांतलें. तें निष्फळ झाल्यावर २१ ऑगस्ट १९४८ रोजीं हैदराबादनें संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केली. संघाचा सभासद नसलेल्या ‘राज्या’सही ज्या कलमान्वयें तक्रार करतां येते, त्याचा आधार घेतला होता, म्हणजे मुख्य प्रश्न, हैदराबाद हें राज्य आहे काय, हा अर्जाच्या मायन्यांतच गृहीत धरलेला. हिंदी सैन्य १३ सप्टेंबरास शिरलें. १६ सप्टेंबरास पॅरिस येथें समितीची बैठक झाली. निजामांच्या बाजूनें नवाब मोईन नवाज जंग व हिंदुस्थानच्या बाजूनें सर रामस्वामी मुदलियार उभे राहिले. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा कीं नाहीं यावर ८ मतें अनुकूल पडलीं, विरुद्ध एकही नाहीं, आणि चीन, रशिया व युक्रेन हे तटस्थ राहिले. अमेरिकेचें मत अनुकूलांत होतें. दुसऱ्या दिवशीं, १७ तारखेस, निजामांनीं शस्त्र खालीं ठेवलें, व २२ तारखेस तक्रार परत घेत असल्याचें कळविलें. त्यानंतर समितीच्या आणखी बैठका झाल्या, शेवटची १९४९ च्या मे महिन्यांत. पण ठराव कोणताच झाला नाहीं. न्यूयॉर्क विद्यापीठाचे क्लाइड ईगल्टन यांनीं १९५० सालीं अमेरिकी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या त्रैमासिकांत या प्रकरणावर विस्तृत लेख लिहिला. राज्य ही व्यक्ति, या दृष्टीनें हैदराबादचा कैवार कसा घेतां येतो हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तो अवश्य पाहावा.

अमेरिकी सरकारच्या या वर्तनावर आमचा अभिप्राय काय? दांभिकपणाचा आरोप पुष्कळ करतात. आम्हांस तो उथळ वाटतो. एका बाजूस मध्यस्थी नाकारली, दुसऱ्या बाजूस तक्रार ऐकण्यास मत दिलें. पहिल्यांत जुना वसाहतवाला दिसतो, शेजाऱ्याच्या भांडणांत न पडणारा. दुसऱ्यांत व्हॅटेलचा वाचक दिसतो, लहान राष्ट्राचेंही ऐकून घेणारा. दोन्ही वर्तनें तत्त्वास धरूनच होतीं. फक्त १७७६ चा प्रश्न, शासितांची संमति आहे काय, हा त्या टेबलावर मध्यभागीं आला नाहीं. कारण तेथें खुर्च्या राज्यांसाठीं मांडलेल्या होत्या, आणि धर्माबादच्या मिरचीवाल्यास खुर्ची नव्हती. फुल्यांनीं आपलें पुस्तक सरकारास अर्पण केलें नाहीं, त्याचें मर्म येथें कळतें.

या प्रकरणाचा एक भाग मराठींत फार दबक्या आवाजांत सांगितला जातो. तो येथें सांगितला पाहिजे. रझाकारांनीं हिंदु प्रजेवर अत्याचार केले, तेव्हां कोणी काय केलें हें न पाहतां तो हिंदु एवढेंच पाहिलें. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी सत्ता कोसळल्यावर तेंच माप उलट लावलें गेलें. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांनीं त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानांत फिरून केंद्र सरकारास अहवाल दिला. मारल्या गेलेल्यांची, बहुतेक मुसलमानांची, संख्या त्यांच्या अंदाजें २७ ते ४० हजार होती. आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले होते. हा अहवाल कित्येक दशकें बासनांत राहिला. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीस अभ्यासकांस पाहावयास मिळूं लागला. कागद दाबून ठेवल्यानें तो नाहींसा होत नाहीं, हें आमच्या व्यवसायांतील कोणासही सांगावयास नको. मारला गेलेला विणकर वा टांगेवाला रझाकार होता काय, हें कोणी विचारलें नाहीं. न्यायशास्त्रांतल्या शब्दांत, जातीला शिक्षा केली व ती व्यक्तीनें भोगली.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं, म्हणजे निजामांच्या शरणागतीनंतर सात आठवड्यांनीं, आंबेडकरांनीं घटनासमितीपुढें घटनेचा मसुदा मांडला. मसुद्यांत खेड्यास घटक मानलें नाहीं अशी टीका होत होती. त्यांनीं उत्तर दिलें कीं, खेडें टाकून व्यक्ति हा घटक धरला याचा आपणांस आनंदच आहे. ‘समस्त दहीजणां’च्या कित्येक शतकांच्या कागदांस दिलेलें हें उत्तर होतें. तें देतांना त्यांनीं अमेरिकी व्यक्तिवाद जसाच्या तसा उचलला नव्हता. १९४७ सालच्या ‘संस्थानें आणि अल्पसंख्याक’ या निबंधांत, मोठे उद्योग व शेतजमीन राज्याच्या हातीं असाव्या अशी मागणी त्यांनीं केली होती; मालकाच्या मुठींत पोट अडकलेल्या माणसास भाषणस्वातंत्र्य काय कामाचें, हा त्यांचा प्रश्न हूव्हरच्या पुस्तकास सरळ छेद देणारा आहे. १९५० मध्यें औरंगाबादेस त्यांच्या संस्थेनें महाविद्यालय काढलें, ज्याचें नांव पुढें मिलिंद ठेवलें. निजामी मराठवाड्यांत ज्यांस गोतांतही जागा नव्हती व गश्तींतही नव्हती, त्यांचीं मुलें तेथें शिकूं लागलीं.

खेडें कीं व्यक्ति, हा वाद तरी मिटला काय? १९५६ मध्यें राज्यपुनर्रचना झाली तेव्हां नांदेड जिल्ह्यांतला मुधोळ तालुका बासरसह आंध्र प्रदेशांत गेला, आणि धर्माबाद हें सरहद्दीवरचें गांव झालें. तोंपर्यंत एकाच जिल्ह्यांत असलेले नदीचे दोन कांठ दोन राज्यांत पडले. पुढें बेळगांवच्या प्रश्नांत महाराष्ट्रानें खेडें हाच घटक धरावा असा आग्रह धरला, व त्यासाठीं आंध्र आणि मद्रास यांच्या सरहद्दीवरील पाटसकरांच्या निवाड्याचा दाखला दिला. पाटसकर मराठी, आंबेडकर मराठी. दोघांचीं मापें दोन. आम्हांस यांत विसंगति दिसत नाहीं: हक्क मोजावयाचा तर माणूस मोजावा, सरहद्द आंखावयाची तर गांव सोडून ओळ कशी जाईल? पण दोन्ही मापें एकाच मनांत बाळगणाऱ्यानें प्रत्येक वेळीं आपण काय मोजीत आहों तें सांगितलें पाहिजे. २०१८ सालीं धर्माबाद तालुक्यांतील सरहद्दीवरच्या गांवांच्या सरपंचांनीं, पलीकडे शेतकऱ्यांस मिळणाऱ्या सवलती पाहून, आम्हांस तेलंगणांत घ्या अशी मागणी केली. विल्सनचें वा व्हॅटेलचें नांवही तेथें कोणी घेतलें नसेल. तरी मागणी स्वयंनिर्णयाचीच होती, आणि अर्जदार पुन्हां गांवच होतें.

या सरहद्दीवरील गांवांतून १३५७ फसलीचे कागद अद्याप घरोघर पडून आहेत: पटवाऱ्यांचीं दप्तरें, जिनिंग कारखान्यांच्या वह्या, परवानगीचे अर्ज, मशिदींच्या व देवळांच्या हिशेबवह्या. ते बहुधा मोडी व शिकस्ता उर्दू या दोन लिप्यांत आहेत, आणि दोन्ही वाचणारे एका घरांत क्वचितच असतात; त्यामुळें वांटणीच्या वेळीं मोडी कागद ठेवतात व उर्दू कागद रद्दींत देतात. त्यांत सप्टेंबर १९४८ पूर्वींचे आणि नंतरचे असामीवार ताळे असतील तर ते एकमेकांस लावून पाहण्याजोगे आहेत. दुसऱ्या यादींत कोणतीं नांवें उरलीं नाहींत तें त्यावरून कळेल. ज्यांच्या संग्रहीं असे कागद आहेत त्यांनीं दोन्ही लिप्यांचे कागद एकत्र बांधून ठेवावे, व नकला करतांना नांवें गाळूं नयेत.